डावा पाय

शिरूर
९ फेब्रुवारी २००३

साहेबराव यांस नमस्कार.

फोनवर मला नीट बोलता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. गेल्या रविवारी मी फोन केला आणि म्हाळसाला बोलवा म्हणालो. ती आली नाही. तुमच्याकडे टीव्ही चालू होता. थोडा वेळ तो ऐकला आणि फोन ठेवला. म्हणून हे पत्र.

सुरजला जाऊन पाच महिने होतील. तो पुण्याच्या मॅरेथॉनची तयारी करत होता हे तुम्ही जाणताच. ज्या बसने त्याला नगर रस्त्यावर उडवले ती पहाटेच्या पाळीची माणसे रांजणगावला नेत होती. त्यातले काहीजण दहाव्याला आले होते. मी त्यांना बसायला सांगितले, पण ते उभेच राहिले.

तेराव्यानंतर म्हाळसा तुमच्या जीपमध्ये बसली, तेव्हा जे बोलली ते तुम्हीही ऐकले आहे. "सुरजचं पाय वाजल्याबिगर मी ह्या घरात पाऊल ठेवायची न्हाई." पळायला निघण्याआधी सुरज पडवीतल्या फरशीवर जागच्या जागी पाय मोकळे करायचा. त्या आवाजावर ती उठायची आणि चहा टाकायची. ती कोणत्या आवाजाबद्दल बोलली ते मला समजले. त्यावर मी बराच विचार केला.

रांजणगावच्या एका कंपनीतले अधिकारी बदलून चेन्नईला गेले. त्यांचे ट्रेडमिल मी आणले आहे. ट्रेडमिल म्हणजे विजेवर फिरणारा पट्टा. माणूस त्यावर पळतो आणि जागेवरच राहतो. ते पडवीत बसवले. शेजारच्या तानुबाई 'घरात मिल आणली' एवढेच ऐकून ज्वारीचा डबा घेऊन आल्या. त्यांना परत पाठवावे लागले.

नकुशी त्यावर पळू लागली आहे. तिला रस्त्यावर मी पळू देणार नाही. तयारी घरातच होईल. डिसेंबरात पुण्याला सुरजच्या ऐवजी ती पळेल. घरात पाय वाजू लागले आहेत, एवढे म्हाळसाला सांगावे.

आपला,
पोपट


वरवंड
२१ फेब्रुवारी

दाजी, रामराम.

पत्र पोचलं. अक्काला वाचून दाखवलं. ती भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. ऐकलं आन् फोडत राहिली. मी म्हणलं, "अक्का, काय कळवू?" तर म्हणाली, "टरफलं तिकडं लोट."

तानुबाईचं वाचून आमची कारभारीण धुरपदा लई हसली. लई दिवसांनी हसली, म्हणून मीबी हसलो. पण दाजी, म्हातारीचं काय चुकलं? मिल म्हणल्यावर दळण आलंच. फक्त दळण कुणाचं चाललंय ते तुम्ही बघा.

आपला आजा मेंढरं घिऊन कोकणात उतरायचा. टाचा फुटायच्या त्याच्या, पण कुठंतरी पोचायचा. तुमची पोरगी दिवसभर पळणार आन् सांजच्याला पडवीतच सापडणार. ह्याला काय म्हणायचं?

आन् सुरजच्या ऐवजी म्हंजी? पोरगं व्हावं म्हणून तुम्ही तिचं नाव नकुशी ठेवलं. बारशाला मीच होतो, मीच म्हणलं होतं की असलं नाव ठेवू नका. दीड वर्षात पोरगं झालं. नावाचं काम झालं. आता पोरगं न्हाई, तर तिलाच पोरगं करता व्हय?

अक्का माझी भण हाय, मला जड न्हाई. पण ती बोलत न्हाई, झोपत न्हाई, कुणी दारातनं गेलं की पायाकडं बघत बसती. धुरपदा म्हणती माझ्या पोरांस्नी भ्या वाटतं. मी वडापच्या पासिंजरांस्नी जीपमधी घिऊन सकाळीच बाहेर पडतो. दिवसभर ह्या दोघी एका घरात असत्यात. तुम्ही एकदा येऊन घिऊन जा.

साहेबराव


शिरूर
२७ एप्रिल

साहेबराव यांस नमस्कार.

उशीर झाला. शाळेत परीक्षांचे काम होते. लेखनिकाला या दिवसांत सुटी मिळत नाही.

न्यायला या, असे तुम्ही लिहिले आहे. न्यायला आलो तर म्हाळसा येणार नाही. तिने जे सांगितले आहे ते झाले की ती स्वतः येईल. पण ते अजून झालेले नाही, हे मला मान्य केले पाहिजे.

नकुशीच्या पळण्यात खोट नाही. दम चांगला आहे. अडचण आवाजाची आहे. मी अंगणात बसून डोळे मिटून ऐकले. आवाज सुरजचा येत नाही. याला कारणे दोन. नकुशी हलकी आहे. आणि सुरज लहानपणी चिंचेवरून पडला होता, तेव्हापासून त्याचा डावा पाय जोरात पडायचा. एक पाऊल हलके आणि एक जड. म्हाळसा त्यावरूनच त्याला ओळखायची.

म्हणून आता नकुशी सुरजचे बूट घालते. पुढे चिंध्या भरल्या की ते बसतात. कमरेला गव्हाची पिशवी बांधतो. डावा पाय आपटून टाकायला तिला सांगितले आहे. सुरुवातीला ती विसरायची. आता विसरत नाही. मी तिच्यावर कधी ओरडलो नाही. तशी गरज पडत नाही. मी खुर्ची घेऊन बसतो, एवढेच.

भारनियमनाचा त्रास होतो. वीज गेली की पट्टा एकदम थांबतो आणि ती पुढच्या दांडीवर आपटते. हनुवटीला टाके घालावे लागले. दांडीला आता गोधडीचा तुकडा गुंडाळला आहे.

केंदूरचे स्थळ आले होते. मुलगा नोकरीला आहे. सध्या नाही, असे कळवले.

म्हाळसाने काही विचारले का, ते कळवावे.

आपला,
पोपट


शिरूर
१८ मे

मामा,

हे पत्र आप्पांना न सांगता लिहिते आहे. ते चुकून तुमच्या बोलण्यात येऊ देऊ नका.

आप्पांनी तुम्हाला बूट आणि गव्हाचं कळवलं असणार. ते खरं आहे. माझ्या डाव्या नडगीत कळ येते. रात्री कूस बदलताना जास्त. आप्पांना सांगितलं तर ते स्वतः तेल गरम करून आणतात, खाली बसून पाय चोळून देतात, आणि सकाळी खुर्ची घेऊन बसतात. त्यांच्यावर रागावताही येत नाही.

पण पत्र त्यासाठी नाही.

मागच्या सोमवारी आप्पा पुण्याला गेले होते. मी पिशवी सोडली, बूट काढले आणि अनवाणी पळाले. मामा, मी इतकी जोरात पळू शकते हे मला माहीतच नव्हतं. मशीनवरचा आकडा वर वर जात होता आणि मला थांबावंसं वाटत नव्हतं. माझ्या पायांचा आवाज कसा आहे तेही तेव्हा कळलं. जवळजवळ येतच नाही. तानुबाई कुंपणावरून म्हणाली, "आज मशीन रिकामंच फिरतंय का गं?"

मला पुण्याला पळायचं आहे. सुरजच्या ऐवजी नाही. तो माझा भाऊ होता, मला त्याची आठवण येते, पण पळताना तो मला आठवत नाही. मला फक्त पुढे जायचं असतं. एकदा तरी रस्ता पायाखालून मागे जाताना बघायचा आहे. आप्पांनी ऐन वेळी नको म्हटलं तर तुम्ही मला न्या. एवढं एक करा. मग तुम्ही सगळे म्हणाल तिथं मी लग्न करीन, केंदूर तर केंदूर.

आई माझ्याबद्दल काही विचारते का? विचारत नसली तर तसंच लिहा. मला खोटं चालणार नाही.

नकुशी


वरवंड
१० ऑगस्ट

दाजी, रामराम.

परवा मी येऊन गेलो ते बरं केलं. तुम्हास्नी सांगितलं न्हाई, पण मी फाटकाबाहेर बराच वेळ उभा होतो. आतनं ते पाय वाजत होतं. एक हलकं, एक जड. 'सुरज' म्हणून हाक तोंडात आली होती.

घरी येऊन अक्काला सांगितलं. म्हणलं, मी माझ्या कानानं ऐकलं. तिनं सूप खाली ठेवलं. इतक्या महिन्यात पयल्यांदा माझ्याकडं बघून बोलली. "डावा?" म्हणाली. मी म्हणलं, व्हय, डावा. मग रातभर ती बसूनच होती.

वर्षश्राद्धाला ती येती म्हणाली. मी सोडायला येतो. धुरपदानं तिची पिशवी आत्ताच भरून दारामागं ठेवलीय. इतकं झटपट काम तिनं लग्नात माझ्या आईसमोर पण केलं नव्हतं.

आता माझं एक ऐका. तुमच्या पोरीला मी शब्द दिलाय. पडवीतच दिला, तुम्ही च्या आणायला आत गेला होता तवा. डिसेंबरात ती पुण्याला पळणार. अक्का तुमच्या घरी येतीय, ती पोरीच्या पायावर येतीय. तवा पोरीचं जे हाय ते पोरीला द्या. त्यात मागंफुडं नको.

ती लंगडती हे तुम्हास्नी दिसतंय ना? का नुसतं ऐकूच येतं?

साहेबराव


शिरूर
१२ ऑक्टोबर

साहेबराव यांस नमस्कार.

म्हाळसा घरी आहे. तुम्ही तिला फाटकापाशी सोडून लगेच निघालात, त्यामुळे पुढचे तुम्हाला माहीत नाही. ते कळवतो.

ती अंगणात चप्पल काढून उभी राहिली आणि ऐकत राहिली. तिचा चेहरा मी पाहिला. लग्नाच्या वेळीही मी तिचा असा चेहरा पाहिला नव्हता. मग ती भराभर पडवीत आली. नकुशीने तिला पाहिले आणि ती थांबणार होती. मी हाताने 'चालू ठेव' अशी खूण केली. म्हाळसा म्हणाली, "तू व्हय."

त्यानंतर ती आत गेली नाही आणि परतही गेली नाही. मशीनकडे पाठ करून उंबऱ्यावर बसली. आता रोज तशीच बसते. पाठ केली की तिला त्रास होत नाही. तिसऱ्या दिवशी पाय वाजू लागल्यावर तिने उठून चहा टाकला. सुरजचा पेला भरून मशीनशेजारी ठेवला. नकुशीने हात पुढे केला, तर म्हाळसा म्हणाली, "तुझा न्हाई त्यो." तेवढे वगळता सर्व ठीक आहे. म्हाळसा जेवते. माझ्याशी थोडे बोलते.

मधे डॉक्टरांनी नकुशीच्या नडगीच्या हाडाला बारीक चीर असल्याचे सांगितले. विश्रांती द्या म्हणाले. मशीन बंद ठेवले. म्हाळसाने जेवण सोडले. मी कोणालाच काही म्हणालो नाही. चौथ्या दिवशी नकुशी स्वतःच बूट घालून चढली. मुलगी समजूतदार आहे.

मॅरेथॉनचे अर्ज निघाले. मी आणून भरलाही होता. म्हाळसाने विचारले, हे काय. मी सांगितले. ती म्हणाली, "पुन्यांदा रस्त्यावं?" एवढेच म्हणाली आणि आत जाऊन दिवा न लावता बसली. मी अर्ज दिला नाही. मलाही असे वाटते की मोकळ्या रस्त्यावर पळून नकुशीची डाव्या पायाची सवय मोडेल. पळायला तिला घरातच मिळते आहे.

तुम्ही तिला शब्द दिला ते मला माहीत नव्हते. तो तुम्ही परत घ्यावा.

आपला,
पोपट


वरवंड
२० नोव्हेंबर

दाजी,

महिनाभर कागद घिऊन बसलो आन् फाडले. आज लिवतोच.

अक्का जीपमधी बसताना काय म्हणाली? सुरजचं पाय वाजल्याबिगर येणार न्हाई. मेलेल्या माणसाचं पाय वाजत्यात का? तिला म्हणायचं होतं की मी आता कधीच यायची न्हाई. एवढंच. हे माझ्या जीपचा क्लीनर बी सांगल. तुम्ही ते शाळेत वरनं आलेलं परिपत्रक वाचावं तसं वाचलं आन् अंमलबजावणीला लागलात.

आन् मीबी तसाच. तुम्हास्नी बायको पायजे होती. अक्काला पोरगं पायजे होतं. आमच्या हिला खोली मोकळी पायजे होती. ज्याला त्याला मिळालं. पोरीनं फक्त पळायला मागितलं होतं, आन् पळती कोण तर तीच.

अर्ज मी भरलाय. वडापमधी पुण्याचा एक मास्तर येतो, त्याच्याकडनं सगळं केलं. छातीवर लावायचा नंबर माझ्याकडं हाय. त्यावर तिचं नाव हाय, दुसऱ्या कुणाचं न्हाई. पाय दुखत असला तर चालत जाईल, मी कडंनं चालीन. पण रस्त्यावर जाईल.

पळणं रविवारी हाय, म्हणून शनिवारी सहा डिसेंबरला सकाळीच जीप घिऊन येतो. तुमच्या उंबऱ्याच्या आत मी पाय टाकणार न्हाई, आत आलो तर माझ्या तोंडात काय येईल सांगता येत न्हाई. फाटकापाशी हॉर्न वाजवीन. पोरीनं बाहेर यावं. तुम्ही आडवं येऊ नका.

साहेबराव


शिरूर
२८ नोव्हेंबर

साहेबराव यांस नमस्कार.

पत्र मिळाले.

म्हाळसाच्या वाक्याचा तुम्ही म्हणता तसाही अर्थ निघतो. तो मला उपयोगाचा नव्हता.

शनिवारी यावे. तुमचे पत्र मी नकुशीला वाचायला दिले आहे. तिने दोनदा वाचले आणि सुरजच्या पिशवीत कपडे भरून ठेवले. मी आडवा येणार नाही. म्हाळसाला अजून सांगितलेले नाही.

आपला,
पोपट


शिरूर
९ डिसेंबर

मामा,

तुम्ही शनिवारी आलात आणि मी बाहेर आले नाही. आप्पांनी मला अडवलं असं तुम्हाला वाटलं असेल. तसं नाही. आप्पा फाटकाकडे पाठ करून झाडांना पाणी घालत होते. माझी पिशवी दारात होती. तुम्ही पुण्याच्या त्या मास्तरांना तोंड कसं दाखवाल, म्हणून खरं काय झालं ते लिहिते.

शुक्रवारी सकाळी मी नेहमीसारखी पळत होते. मनात उद्याचंच होतं. आई उंबऱ्यावर पाठ करून तांदूळ निवडत होती. मी थांबायच्या बेतात असताना ती मागे न बघता म्हणाली, "पुरं कर रं लेकरा. किती दमलास."

मामा, आई मला 'ए' म्हणते. नाहीतर हाकच मारत नाही, जे हवं त्याचंच नाव घेते. तांब्या. केरसुणी. 'अगं' म्हणून तिने मला हाक मारलेली मला आठवत नाही. तुम्हाला आठवत असेल तर कळवा. त्या 'रं'ला मी काय करायला हवं होतं ते मला माहीत नाही. मी जाड आवाजात 'व्हय आई' म्हणाले.

ती म्हणाली, "हितं बस. डोकं बघ कसं कोरडं झालंय." मी मशीनवरून उतरले आणि पाठमोरी तिच्यापुढे बसले. मागे वळले नाही. तिने डोळे मिटलेले असणार. तिने टाळूवर तेल घातलं आणि बोटांनी जिरवू लागली. तिचे हात इतके गरम असतील असं मला वाटलं नव्हतं. मग तिचा हात खाली आला आणि वेणीला लागला. हात तिथंच थांबला. तिने तो काढून घेतला, पदराला पुसला आणि वाटी घेऊन उठून गेली.

मी पिशवी भरलेली तशीच ठेवली होती. मला जायचंच होतं, मामा. हे तुम्ही खोटं समजू नका.

शनिवारी उजाडताच मी न्हाणीत जाऊन वेणी कापली. मागचं नीट जमलं नाही, ते आप्पांनी सारखं करून दिलं. काही न विचारता दिलं. मग मी बूट घालून पळाले, आणि थांबल्यावर जाऊन आईपुढे पाठ करून बसले.

तुम्ही आलात तेव्हा आई माझ्या डोक्याला तेल लावत होती. या वेळी हात मानेपर्यंत आला आणि थांबला नाही. ती सुरजला लहानपणी सांगायची तसं काहीतरी सांगत होती, जेजुरीच्या पायऱ्यांचं, त्याला खांद्यावर घेऊन चढल्याचं. तेव्हा मीही बरोबर होते आणि मला तिने चालवलं होतं, ते मला आठवतं.

तुमचा हॉर्न तीनदा वाजला. दोनदा ती तेल जिरवत राहिली. तिसऱ्यांदा तिचे हात थांबले आणि तिने विचारलं, "कोन आलंय रं?"

मी म्हणाले, "कुनी न्हाई, आई."

तुमची भाची